माउलीचा उजवा हात

मी देवावर रुसले होते, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. चर्चमधली मिस्सा चुकवत नव्हते, जपमाळ हातातून सुटली नव्हती, पण ओठ हलायचे आणि आत काहीच हलायचं नाही. कारण घरातलंच होतं. गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन मी घरी आले, तर आमचे मनवेल जेवणाच्या टेबलाशी बसलेले, कपाळ कोरं. मी पर्सही खाली ठेवली नव्हती. शांतपणे म्हणाले, "अगं, यापुढं मी कॅथलिक चर्चमध्ये येणार नाही. शुक्रवारी नगरकरांच्या उपासनेला जाईन." नगरकर म्हणजे नगरकडची प्रोटेस्टंट मंडळी. इथं कुवेतमध्ये त्यांची वीस-पंचवीस घरं दर शुक्रवारी एका हॉलमध्ये मराठीतून उपासना करतात. मला वाटलं, गंमत करतायत. एकवीस वर्षांच्या संसारात या माणसानं गंमत अशी तीन-चारदाच केली असेल, तरी मला तसं वाटलं.

आम्ही दोघं वसईचे. आमच्याकडं कॅथलिक असणं म्हणजे अंगाचा रंग असावा तसं, तो कुणी बदलत नाही. इथं कुवेतच्या मंगफ भागात आम्हाला अठरा वर्षं झाली. मनवेल तेल कंपनीत मेंटेनन्सला, आणि मी एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत इतिहास शिकवते. मुलगी अलिशा चौदा वर्षांची, माझ्याच शाळेत. मनवेलांचा धाकटा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी वसईला अचानक गेला. कंपनीत यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती करायचं मोठं शटडाऊनचं काम चालू होतं, सुट्टी मिळाली ती मातीनंतर आठ दिवसांनी. त्या दिवसांत त्यांच्या बसमध्ये शेजारी बसणारा एक नगरचा वेल्डर रोज पवित्र शास्त्रातलं एक पान त्यांना हळू आवाजात वाचून दाखवायचा. पुढं तोच त्यांना उपासनेला घेऊन गेला. मनवेल मला म्हणाले होते, "आपल्या चर्चमध्ये हजार माणसं असतात गं. मी रडलो तर कुणाला दिसणार? तिथं मी रडलो आणि कुणीतरी खुर्ची जवळ ओढली." हे मी ऐकलं होतं, पण कानाआड केलं. मला फक्त एवढंच दिसत होतं, की हा माणूस माझ्या आईच्या देवाला सोडून चाललाय.

आणि दैवाची थट्टा बघा, शाळेत नववीला मी नेमका तोच धडा शिकवत होते. इंग्लंडच्या राजानं रोमशी नातं तोडलं. त्याच्या कोवळ्या मुलाच्या राज्यात हुकूम निघाले, चर्चमधल्या मूर्ती काढा, भिंतींवरची संतांची चित्रं चुन्यानं पुसा. मग थोरली मुलगी राणी झाली, तिनं सगळं परत आणलं. मग धाकटी राणी झाली, तिनं पुन्हा फिरवलं. माणसं तीच, चर्चही तेच, नुसता राजा बदलला की देवाला हाक मारायची रीत बदलायची. बारा वर्षं मी हा धडा खडूच्या चवीनं शिकवला. परीक्षेत प्रश्न ठरलेला असतो, हुकूम निघाल्यावर सामान्य माणसानं काय केलं? उत्तरही ठरलेलं, काहींनी ऐकलं, काहींनी विरोध केला. गुण चार. त्या वर्षी अलिशा त्याच वर्गात होती. एके दिवशी जेवताना भाताचा घास तोंडात धरून तिनं विचारलं, "मम्मा, सो डॅडा इज लाइक द किंग?" मी काही बोलायच्या आत मनवेल हसले आणि म्हणाले, "राजाकडं निदान सैन्य तरी होतं. माझ्याकडं तुझी आई आहे, समोरच्या बाजूला." अलिशा खो खो हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आपल्या वाडवडिलांची चारशे वर्षांची श्रद्धा अशी धुऊन टाकता, लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "वाडवडील तरी कुणाला विचारून कॅथलिक झाले? पोर्तुगीज राजाचा अंमल होता. मी निदान माझ्या पायांनी चाललोय." मी उठून भांडी आपटली.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, तर आमची वरातच निघायची. शहरात दोन्ही प्रार्थनास्थळं एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर. गाडी एक, पार्किंग एक. मंगफहून अर्धा तास कुणी एक अक्षर बोलायचं नाही, मग उतरून ते उजवीकडं आणि मी मुलीला घेऊन डावीकडं. मिस्सा संपली की मी उन्हात गाडीपाशी उभी राहायची, कारण त्यांचे पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले की बसायचं नाव घेत नसत. अलिशा मेसेज करायची, "डॅडा, डन?" उत्तर यायचं, "अजून तिसरा मुद्दा." लोक बघायचे. कुवेतसारख्या ठिकाणी वसईवाले किती, सगळे एकमेकांची नखंसुद्धा ओळखतात. घरोघरी मातीच्या चुली असतात, पण आपली धुरकटलेली कुणी बघावी असं कुणाला वाटतं?

घरी एक छोटी वेदी आहे, हॉलच्या कोपऱ्यात उंच फळीवर. तिच्यावर आईनं दिलेली माउली, म्हणजे मरियामातेची मूर्ती, वीतभर उंचीची, निळा शेला पांघरलेली, उजवा हात आशीर्वादाला पुढं आलेला. ही मूर्ती मी वसईहून विमानात मांडीवर घेऊन आणली, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. वर एक लहान बल्ब. मनवेलांनी पंथ बदलला तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, "ती तुझी आहे, राहू दे. मी हात जोडणार नाही, एवढंच." आणि ते वागलेही तसेच. खरं तर त्या माणसानं माझ्यावर कसलीच जबरदस्ती केली नाही. पण माझं मन असं झालं होतं, की ते वेदीकडं पाठ करून पेपर वाचायला बसले तरी मला त्यात हुकूम दिसायचा.

ऑक्टोबर आला. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. मंगफ-फहाहीलकडच्या वसईच्या बायका आळीपाळीनं एकेका घरी जमून जपमाळ करतात. एका बुधवारी आमची पाळी होती. फिलोमावशी आमच्या गटाच्या प्रमुख, वयानं सगळ्यांत मोठ्या, त्या सगळ्यांच्या पुढं आत आल्या. पंधरा बायका, चपलांचा ढीग, स्वयंपाकघरात चण्यांना फोडणी. शाळेतून येऊन मी थेट चुलीला लागले होते, हॉलकडं नीट बघायलाही फुरसत झाली नव्हती. फुलं घेऊन मी वेदीपाशी गेले, तर फळी रिकामी. बल्ब जळत होता आणि त्याच्याखाली मूर्तीच्या बुडाएवढा एक गोल, धूळ नसलेला.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मनवेल आतल्या खोलीच्या दारात उभे होते, ऑफिसच्या कपड्यांत. मी पंधरा बायकांसमोर ओरडले, "निघाला ना शेवटी राजाचा हुकूम? कुठं टाकलीत माझ्या आईची माउली? खाली कचऱ्याच्या डब्यात?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. ते एकदा माझ्याकडं, एकदा त्या बायकांकडं बघत राहिले. मग चपला घालून निघून गेले. फिलोमावशींनी आपल्या पर्समधला माउलीचा छोटा फोटो फळीवर टेकवला आणि जपमाळ सुरू केली. मी गुडघे टेकले होते, पण एकही नमो मरिये माझ्या तोंडून धड बाहेर पडली नाही. अलिशा कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती, मला घाबरल्यासारखी.

नंतर त्यांनी एवढंच सांगितलं, "टाकली नाही. थोडे दिवस दे." मी म्हटलं, "मग दाखवा." ते उशी उचलून हॉलमध्ये गेले. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हणाले. त्या रात्रीपासून ते हॉलमध्ये झोपायला लागले आणि कामावरूनही उशिरा येऊ लागले. मी समजले, प्रार्थनेच्या मीटिंगा वाढल्या. शुक्रवारी मी आणि अलिशा शेजाऱ्यांच्या गाडीनं गेलो. मिस्सेत प्रसाद घ्यायला मी रांगेत उभीच राहिले नाही. बाकावर बसून मी देवाशी भांडले, अगदी आमच्या बाजारात मासळीवाल्या भांडतात तसं. म्हटलं, मला चमत्कार नको, नवराही परत नको. खरं काय ते एकदा कळू दे, म्हणजे मी माझी वाट धरायला मोकळी. माझी वाट ठरली होती. अलिशाला घेऊन वसईला जायचं, आईच्या घरी राहायचं, तिथंच शाळा बघायची. राजीनाम्याचं पत्र मी शनिवारी लिहून पर्समध्ये ठेवलं.

रविवारी शाळा सुटल्यावर अलिशाला बसनं घरी पाठवलं आणि मी टॅक्सी केली. फहाहीलला एका ट्रॅव्हल एजंटकडं जायचं होतं, मनवेलांच्या नकळत दोन तिकिटं काढायला. ऑनलाइन काढली असती तर मेसेज त्यांच्या फोनवर गेला असता. बाजाराच्या अलीकडं रस्ता खणलेला होता, म्हणून ड्रायव्हरनं गाडी मागच्या गल्लीत घातली आणि तिथं फट्कन टायर फुटला. दुपारचे अडीच, ऑक्टोबर असला तरी ऊन डोळ्यांत खुपत होतं. ड्रायव्हर जॅक काढायला लागला. समोर चित्रांच्या चौकटी करायचं एक लहानसं दुकान होतं, दारात पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर टोपी. मला बघून म्हणाले, "बाय, उन्हात कशाला उभी? आत ये, पंखा हाय." कानावर मराठी पडली आणि मी आपोआप आत गेले. ते रत्नागिरीकडचे, तीस-पस्तीस वर्षं इथं. सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणाले, मीही चाचाच म्हटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास दिला. पाणी पिताना मान वर गेली आणि माझा हात थांबला.

सगळ्यांत वरच्या फळीवर, धुतलेल्या पांढऱ्या पंच्याच्या घडीवर, माझ्या आईची माउली उभी होती. निळा शेला, नाकाजवळचा तो टवका, जो माझ्याच लहानपणी माझ्या चेंडूनं उडाला होता. उजव्या मनगटाभोवती दोऱ्याची पट्टी बांधलेली.

मी खुर्चीवर बसले. चाचांनी माझी नजर बघितली. म्हणाले, "ती गिऱ्हाइकाची हाय बाय, विकायची नाय." मी विचारलं, कुणाची? तेव्हा ते सांगायला लागले, आणि मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. "एक साहेब हाय मंगफचे. गेल्या मंगळवारी आले. पोटाशी अशी धरून, तान्ह्या पोरावानी. बल्ब गेला होता म्हणे, तो बदलायला स्टुलावर चढले, स्टूल डुगलं आणि हिचा हात मनगटातून तुटला. मी म्हटलं, साहेब, बायकोला सांगा ना, माणसाच्या हातून होतं. तर म्हणाले, चाचा, मी आता यांच्या पंथाचा राहिलो नाय. माझ्या हातून मूर्ती मोडली, हे खरं मानणार कोण? ती म्हणेल, मुद्दाम केलं. आधी नीट करून द्या, मग सांगतो."

मी विचारलं, अजून झाली का नाही? चाचा म्हणाले, "हात तेव्हाच बसवला. पण शेल्याच्या काठाचा रंग उडाला ना, तो निळा मिळंना. साहेब रोज कामावरून सुटले की येतात, त्या तिथं बसतात, मी रंग घोटतो ते बघत. मी म्हणतो, मी काय पळून जात नाय. तर म्हणाले, चाचा, सासूनं विमानतळावर ही माझ्या हातात दिली होती, जावईबापू सांभाळा म्हणून. मी तिला नमस्कार करत नाय, पण शब्द दिलाय." मग ते स्वतःबद्दल बोलले. "आमच्यात मूर्ती ठेवत नाय. आधी मलाच वाटलं, हे काम घ्यावं का? पण बीबी मरियमचं नाव घेऊन कुणी दारात आला, त्याला परत कसा लावू? खाली ठेवायला जीव झाला नाय, म्हणून वर ठेवली."

खरं तेच होतं. अठरा वर्षांपूर्वी विमानतळावर माझ्या कडेवर रडणारी बाळ अलिशा... नाही, तेव्हा ती जन्मलीसुद्धा नव्हती. विमानात मी डोकं स्वतःच्याच मांडीवर टेकून रडत होते. मूर्ती मनवेलांच्या मांडीवर होती, सबंध प्रवासभर, जेवणाचा ट्रेसुद्धा त्यांनी उघडला नव्हता. इतकी वर्षं "मी आणली, मी आणली" म्हणत माझंच मला खरं वाटायला लागलं होतं.

मी तिथंच रडले. अनोळखी माणसासमोर, भर दुपारी, राजीनामा पर्समध्ये ठेवून. चाचांना उमगलं असावं. त्यांनी पंखा माझ्याकडं वळवला. मूर्ती मागून घ्यावी, उराशी धरून घरी न्यावी, असं हातांना फार वाटत होतं. पण आतून कुणीतरी म्हणालं, तुझ्या हातात दिली नव्हती. ज्याच्या हातात दिली त्याला आणू दे. मी चाचांना म्हटलं, "मी आले होते हे साहेबांना सांगू नका." ते म्हणाले, "बाय, कुणी आलं होतं का हितं? टायर फुटला, पाणी प्यायली, गेली." टायर बसला होता. ड्रायव्हरनं विचारलं, एजंटकडं ना? मी म्हटलं, नाही भय्या, घर चलो.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. किल्ली खिशात असून मनवेलांनी बेल वाजवली, कारण दोन्ही हात भरलेले होते. पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेली माउली त्यांनी पोटाशी धरली होती. दारातच म्हणाले, "आधी ऐकून घे. हात माझ्याकडून तुटला. बल्ब बदलताना. मुद्दाम नाही केलं, शपथेवर—" मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, "मला माहीत आहे तुम्ही मुद्दाम करणार नाही. हे मला आधी माहीत असायला हवं होतं." फहाहीलचं सगळं मी त्यांना नंतर सांगितलं, पण त्या क्षणी एवढंच. त्यांचे डोळे भरले. या माणसाला रडताना किती वर्षांनी बघत होते मी! खुर्ची जवळ ओढायची माझी पाळी होती, ती मी ओढली.

बुधवारी रोझरी दुसऱ्या घरी होती. मी जपमाळ सुरू व्हायच्या आधी उभी राहिले आणि पंधरा बायकांसमोर जे बोलले होते ते पंधरा बायकांसमोरच मागं घेतलं. फिलोमावशी म्हणाल्या, "बस गं बाई, आमच्या घरी काय कमी राजे आहेत?" सगळ्या हसल्या, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पहिली नमो मरिये माझ्या आतून निघाली.

टायर कुणी फोडला, रस्ता कुणी खणला, यावर मी वाद घालत नाही. मनवेल म्हणतात ती प्रभूची योजना, फिलोमावशी म्हणतात माउलीची कृपा, चाचांना विचारलं तर ते वर बोट दाखवतात. मी तिघांचंही मानते. ज्या देशात आम्ही राहतो तिथंही अमीरांचं राज्य आहे, पण तू कुठल्या दारानं प्रार्थनेला जातोस हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. विचारत होते ती मी. आरोप ठेवला मी, निकालही माझाच. हुकूमशाही माझ्याच हॉलमध्ये होती आणि माझ्या कपाळावर राख होती. राजीनाम्याचं पत्र मी फाडलं. मनवेल कॅथलिक झाले नाहीत, होतील असं वाटतही नाही. मी ते मागायचं सोडून दिलंय. त्यांना देवाच्या हाती देताना वाटलं होतं काहीतरी गमावतेय, पण तसं झालं नाही.

या ऑक्टोबरला रोझरी पुन्हा आमच्याकडं होती. मनवेल हॉलमध्येच बसले होते, शेवटच्या खुर्चीवर, हात मांडीवर. शेल्याचा एक काठ बाकीच्यापेक्षा थोडा गडद निळा दिसतो, बायका मुद्दाम जवळ जाऊन बघतात. जपमाळेच्या तिसऱ्या दशकाला, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला, बल्ब लुकलुकला आणि विझला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मनवेल उठले, नवा बल्ब आणला, स्वयंपाकघरातलं तेच डुगणारं स्टूल आणलं आणि वर चढले. जपमाळ थांबली. मी उठले, जवळ जाऊन खाली बसले आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.